सगळ्यांच्या खाली शांता

आमच्या चाळीतली बाई मेली की एकाच साडीत भिंतीवर जाते. जांभळी कांजीवरम, बारीक सोनेरी काठ आणि डावा खांदा जरासा उतरलेला. माझ्या सासूबाई तशाच आहेत, तिसऱ्या मजल्यावरच्या कमलाबाई तशाच, आणि खालच्या रघुची आई पण तशीच. परक्याला वाटेल, सख्ख्या बहिणी होत्या की काय! तसलं काही नाही. साडी माझी आहे आणि खांदा शांताचा.

मनूभावजींचं सांगते. नाव मनोहर, पण लालबागमध्ये मनोहर म्हणून विचारलंत तर कुणी घर दाखवणार नाही. आमच्या दाराला लागून त्यांचं दार. आधी गिरणीत होते, ती बंद पडल्यावर परळच्या एका फोटो स्टुडिओत लागले, अंधाऱ्या खोलीत फोटो धुवायला. तो स्टुडिओ पण बसला. मग घरात कॉम्प्युटर आणला आणि धंदा धरला तो मयतांच्या फोटोंचा. हसू नका. आमच्यासारख्यांच्या घरात माणूस गेला की मग कळतं, मेल्याचा एकट्याचा असा फोटोच नाही. तेराव्याला हार घालणार कशाला? मग कुणाच्या तरी लग्नातला फोटो शोधायचा, पंगतीत बसलेला, तोंडात घास असलेला, आणि भावजींच्या हातात द्यायचा. ते चेहरा कापून घेत, डाग पुसत, खाली धड लावत, मागे निळं आभाळ. पुरुषांना एकच कोट. दुसऱ्या मजल्यावरचे गोविंदमामा जन्मभर बनियनवर फिरले, ते भिंतीवर साहेब होऊन बसलेत.

बायकांसाठी धड पाहिजे होतं. नवीन कॅमेरा आला त्या दिवशी भावजींनी शांताला, म्हणजे त्यांच्या बायकोला, खुर्चीवर बसवलं. साडी मी दिली, माझ्या लग्नातली. पदर मीच लावला, पिन मीच टोचली. हंडे वाहून वाहून तिचा डावा खांदा खाली आलेला. "अगो, सरळ बस की मेल्ये, काय वाकडी बसलीस!" म्हटलं, तर ती खो खो हसत सुटली. हसता हसताच फोटो निघाला.

तेवढाच. पुढे चाळीत लोक बोलायला लागले की मनूच्या पेटीत गेला तो भिंतीवर गेला. चेष्टाच होती, पण शांताने धसका घेतला. भावजींनी कॅमेरा उचलला की ही पदर तोंडावर घ्यायची. "मला नका घालू त्या पेटीत. अजून भाकऱ्या भाजायच्यात मला." लेकीच्या, मेघनाच्या, लग्नात पण तेच. अख्खा अल्बम बघा, आई एक तर पाठमोरी, नाहीतर पदराआड.

ती शांता दोन वर्षांपूर्वी श्रावणात गेली. सकाळी नळावर पाणी भरताना खाली बसली ती बसलीच. सगळ्यांना वाटलं, आता मनू बायकोचा फोटो असा करेल की बघत राहाल. कसलं काय! भावजींनी मशीनला हातच लावला नाही. शेवटी मेघनाने आधारकार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात शांता चोर पकडून आणल्यासारखी दिसत होती. तेरावं उरकल्यावर भावजींनी तो कपाटामागे सारला आणि भिंतीवर खिळा तेवढा राहिला. जगाला हार आणि घरात नुसता खिळा, लोक म्हणायचे. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

तेव्हापासून त्यांनी फोटो बंद केले. कुणाच्या घरी जाणं पण बंद. आमच्याकडे सत्यनारायण होता तेव्हा ते उंबऱ्यावरूनच तीर्थ घेऊन निघाले. मी कसली ऐकते! हाताला धरून आत आणून बसवलं. शिरा हातात तसाच, आणि भावजी समोर बघत राहिले.

"वहिनी, ती इथे काय करतेय?"

"कोण?"

"शांता." त्यांनी सासूबाईंच्या फोटोकडे बोट केलं. "तोंड तुमच्या सासूबाईंचं आहे. पण बसलीय ती."

"काहीतरीच काय बोलता, भावजी!" म्हणून मी विषय उडवला खरा, पण त्या दिवसापासून मला पण दिसायला लागलं. दिवेलागणीला दिवा लावला की ज्योत हलते, काचेवरचा उजेड हलतो, आणि सासूबाईंचा डावा खांदा हलतो. हंडा उचलायच्या आधी शांता अगदी असाच खांदा हलवायची. पदरावर माझी पिन सुद्धा दिसते. मी मान खाली घालून दिवा लावायला लागले. भीती वाटायची, सरळ सांगते.

अशात मागच्या दिवाळीच्या तोंडावर त्या मशीनवर सूचना यायला लागल्या. मेघना डोंबिवलीला शाळेत कॉम्प्युटर शिकवते. दर रविवारी बापाकडे येते. तिने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, विंडोज दहाचे अपडेट बंद झाले. अकरा ह्या म्हाताऱ्या मशीनवर चढत नाही. विंडोजच्या जागी लिनक्स टाकू या. आमच्या शाळेत सगळीकडे तेच आहे, जुन्या मशीनवर पण मस्त पळतं."

"मला नको."

"अहो, पेन्शनचं, बँकेचं सगळं ह्याच्यावरच करता तुम्ही. एक व्हायरस घुसला की सगळं जाईल, फोटोसकट."

"म्हणूनच म्हणतो, हात लावू नको. माझं फोटोचं सॉफ्टवेअर तिकडे चालत नाही."

"ते नाही चालत, पण तिकडे दुसरं आहे. त्यात बहुतेक उघडतील तुमच्या फाईली."

"बहुतेक?"

"मग काय सांगू? तुम्ही एक फाईल उघडून बघू देत नाही!"

दर रविवारी हेच. भिंतीपलीकडून मला पाठ झालं होतं. एकदा मेघना गेल्यावर मी भावजींना गाठलं आणि विचारलं, असं काय सोनं आहे हो तुमच्या विंडोजमध्ये? मग म्हणाले, "एक फाईल आहे. 'साडी' नावाची. बायकांचे सगळे फोटो मी त्या एकाच फाईलीत केले. गोधड्यांची चळत असते ना, तशी थरावर थर. नवीन बाई आली की जुनीचा थर लपवायचा आणि वर नवीन चेहरा ठेवायचा. सगळ्यात तळाला तो पहिला फोटो आहे. शांताचा."

"हसतानाचा?"

"हो."

"अहो, मग उघडा की! पोर आईच्या एका धड फोटोसाठी तडफडतेय."

"फाईल फार मोठी झालीय, वहिनी. उघडायला गेलं की मशीन अडकतं. मध्येच बंद पडलं तर शांता गेली."

मी तोंड मिटून राहणारी बाई नाही. पुढच्या रविवारी मेघनाला जिन्यातच अडवलं आणि सांगितलं. ती पायरीवर बसली. "म्हणजे माझी आई त्या डब्यात आहे, ललिताकाकी? इतके दिवस मी आधारकार्डाकडे बघून रडतेय, आणि आई त्या डब्यात हसतेय?" मग तिला राग आला. तशीच परत गेली, बापाला न भेटता.

नंतरच्या रविवारी आली ती पेनड्राइव्ह घेऊन. मला पण हाक मारली. जेवणं झालेली, खालच्या मसाल्याच्या डंकावर कुणाची तरी मिरची कांडायला पडलेली, सगळी चाळ शिंकत होती. मेघना बापासमोर उभी राहिली. "काही पुसणार नाही. तुमचं विंडोज आहे तिथेच राहील. लिनक्स ह्या पेनड्राइव्हवरून चालवते, 'साडी'ची कॉपी ह्याच्यावरच काढते आणि ती कॉपी उघडते. बिघडली तर कॉपी बिघडेल. आता सांगा, का नाही?"

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का, भावजी?"

"कर," ते म्हणाले.

विंडोजचा निळा पडदा आला नाही, दुसराच आला, हिरवट. मेघनाने कॉपी काढली, उघडायला लावली. मी देवाचं नाव घेत होते. मशीन जरा घुरघुरलं आणि फाईल उघडली. अडकलं नाही, काही नाही. समोर साडी, आणि तिच्यात भावजींनी शेवटी केलेली बाई, चौथ्या मजल्यावरची. बाजूला सगळ्यांच्या नावांची उतरंड, प्रत्येक नावापुढे बारीकसा डोळा. मेघनाने डोळा बंद केला की ती बाई निघून जायची. मग पुढचा उघडून बघायची, तो बंद करायची. कमलाबाई आल्या, गेल्या. माझ्या सासूबाई आल्या. मी नकळत पदर डोक्यावर घेतला. त्या पण गेल्या. बाया येत होत्या नि उठून जात होत्या, आणि साडी होती तिथे बसून होती, माझ्या पिनेसकट. रघुची आई शेवटची. चाळीतला हा पहिला फोटो.

"बस झालं, मेघा," भावजी म्हणाले.

"बाबा, आता आईच राहिलीय."

"बस म्हटलं ना!" ते ओरडले. मी त्यांना कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

मेघनाने रघुच्या आईपुढचा डोळा बंद केला.

साडी होती. उतरलेला खांदा होता. गळा होता, मंगळसूत्र होतं. वर चेहऱ्याच्या जागी राखाडी-पांढरे चौकोन होते, मोरीतल्या लाद्यांसारखे. डाव्या कानाची पाळी आणि तिच्यातली कुडी तेवढी राहिली होती.

मेघना वेड्यासारखी शोधत सुटली. अजून खाली काही आहे का, दुसरी फाईल आहे का. "बाबा, मूळ फोटो कुठे आहे?"

"त्याच्यावरच सेव्ह केलं," भावजी म्हणाले. "पहिल्याच दिवशी. रघुची आई गेली होती, त्यांना घाई होती. तिचा चेहरा बारीक, शांताचा भरलेला. बाजूने शांता डोकवायची. मग कापून टाकला तिचा. ती तर जिवंत होती गो. इथेच मागे भाकऱ्या थापत होती. फोटोतलं तोंड जपून ठेवायचं कशाला?"

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं. "मशीन अडकतं म्हणालात ना!"

"मशीन कधीच अडकलं नाही, वहिनी. मी उघडलंच नाही." त्यांनी चष्मा काढला. "झाकली मूठ होती. उघडली नव्हती तोवर एखाद्या वेळी वाटायचं, नसेल कापला. असेल ती खाली."

माझ्या जिभेवर शिवी आली होती. गिळली. मेघना टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होती, आणि तिला जवळ घ्यायचं ह्या माणसाला सुचत नव्हतं. मीच घेतली. मग भावजी म्हणाले, "टाक तुझं लिनक्स. आता विंडोज ठेवून काय करू?"

तिने त्याच दिवशी टाकलं. जुनं सगळं पुसलं जात होतं ते भावजी खुर्चीवर बसून बघत होते, मयताला बसतात तसे. झाल्यावर म्हणाले, "तो फोटो छापून आण. आहे तसाच. चौकोन काढून मागे आभाळ घाल."

मी म्हटलं, "भावजी, बिनतोंडाचा फोटो लावतं का कुणी? अशुभ असतं!"

"मीच केलाय तसा," ते म्हणाले.

तो फोटो आता त्या खिळ्यावर आहे. साडी, खांदा, मंगळसूत्र, एक कुडी आणि वर निळं आभाळ. हार आहे. चाळीतल्या बाया एकेक करून बघून गेल्या. घरी जाऊन प्रत्येकीने आपापल्या भिंतीकडे बघितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी रघुची बायको मला नळावर हळूच म्हणाली, "काकी, आमच्याकडे पण आहेत हो त्या."

मेघना अजून दर रविवारी येते. निघताना माझ्या घरात शिरते, सासूबाईंच्या फोटोसमोर उभी राहते, चेहऱ्यावर हात आडवा धरून तो झाकते आणि खाली बघत राहते. मग पिनेवर बोट टेकवते. "आई, निघते गं," म्हणते. मी तिकडे पाठ करून चहाची भांडी घासत असते.