दीक्षाच्या शेजारी बसणाऱ्या मॅडम

कुशावर्ता मॅडम वर्गात आल्या की खुर्चीकडे बघतही नसत. चप्पल दाराशी काढून थेट तिसरीच्या पोरांत, सतरंजीवर, दीक्षाच्या शेजारी बसत. आणि माझं शिकवणं ऐन रंगात आलं की हात वर करत. "सर, मला न्हाई कळलं."

त्या फिरत्या विशेष शिक्षिका. ज्या मुलांना शिकायला जरा वेळ लागतो त्यांच्यासाठी मंगळवारी आणि शुक्रवारी चुडाव्याला रेल्वेतून उतरून आमच्या शाळेवर येत. एका वर्गाला दोघांनी मिळून शिकवायचं, असं ठरलेलं. मला ते रुचलं नव्हतं. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला; एवढ्या कष्टांनी मिळालेला फळा मला माझा एकट्याचा वाटे. त्यात पोरं सकाळी आल्या आल्या विचारत, "सर, आज मॅडमचा वार हाय का?" बाकीचे सगळे वार माझे होते. ते कधी कोणी विचारले नाहीत.

एका मंगळवारी केंद्रप्रमुख साहेब तपासणीला येऊन वर्गात बसले होते. फळ्यावर वजाबाकी, बावन्नमधून सत्तावीस. दोनमधून सात जात नाहीत म्हणून शेजारून दहा आणले, असं मी म्हणालो आणि मॅडमचा हात वर गेला.

"सर, शेजारी तर पाचच हायेत. पाचाच्या घरून दहा कशे आणले?"

पोरं हसली. साहेबही हसले. माझा तोल गेला. "मॅडम, एवढंही कळत नसेल तर पहिलीत नाव घाला तुमचं."

वर्ग पुन्हा हसला, या वेळी माझ्या बाजूने. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. मॅडम नुसतं "बरं सर" म्हणाल्या. दीक्षाने मात्र वही मिटून दप्तरात टाकली.

साहेब गेल्यावर मॅडम व्हरांड्यात आल्या. "मला बोललात त्याचं काई न्हाई, सर. पण ते दीक्षानं इचारलं होतं."

"दीक्षाने? ती तर तोंडच उघडत नाही."

"माझ्या कानात उघडती. ती हळूच सांगती, मी मोठ्यानं इचारते. पोरं हसली तर मला हसतेत. आज तिला वाटलं, सर तिलाच पहिलीत घालायलेत."

मला आधी लाज वाटायला हवी होती. आधी वाटला तो हेवा. मी त्या पोरीला रोज नावाने हाक मारायचो, आणि तिने बोलायला कान निवडला तो आठवड्यातून दोनदा येणाऱ्या बाईंचा.

बुधवारी दीक्षा आली नाही. गुरुवारीही नाही. शुक्रवारी मॅडमना घेऊन मी तिच्या घरी गेलो. ती आईच्या पदराआड उभी होती.

"दीक्षा, तुझं बरोबर होतं," मी म्हणालो. "ते पाच म्हणजे पाच दशक, हे मी सांगितलंच नव्हतं. चूक माझी."

ती मॅडमच्या कानाशी लागली. मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "ती म्हणायली, हे वर्गात समद्यांसमोर सांगा."

सांगितलं. तुऱ्हाट्यांच्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, दहा-दहाच्या जुड्या बांधून, त्यातली एक सोडून दाखवत सांगितलं. दीक्षा पहिल्या ओळीत बसून माझ्या हातांकडे बघत होती.

पुढच्या वर्षी मॅडमना पाथरीकडच्या शाळा मिळाल्या. परवा तिकडच्या एका गुरुजींचा फोन आला. "तुमच्याकडं होत्या त्या मॅडम भर वर्गात माझीच परीक्षा घ्यायल्यात हो. तुमाला बी असाच तरास व्हायचा का?"

"लय व्हायचा," मी म्हणालो. "तुम्हाला जड जात असतील तर परत पाठवा आमच्याकडे. उद्याच पाठवा."