पासवर्ड माझ्याकडे, मशीन त्यांच्या हातात

मंडळी, दुपारपासून जेवण गेलेलं नाही.

इथे शहरातल्या कंपू भागात एका तपासणी केंद्राचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. एकाच मोठ्या मशीनला तीन स्क्रीन जोडलेत. एकावर डॉक्टर स्कॅन बघतात, बाकी दोन्हींवर रिपोर्ट टाइप होतात. उगाच कोणी मशीन बंद करू नये म्हणून त्याचा पासवर्ड फक्त माझ्याकडे.

आज डॉक्टर पडाव चौकाजवळ अपघात झालेल्या एका बाईंच्या मेंदूचा स्कॅन बघत होते, आणि तिन्ही स्क्रीन एकदम काळ्या झाल्या. मी धावत गेलो.

टायपिस्ट मंदाताई शांतपणे म्हणाल्या, "घाबरू नका दादा, माझं अटकलं होतं. मीच मशीन बंद पाडलं."

"पासवर्डशिवाय?"

त्यांनी पुन्हा करून दाखवलं. साध्या लॉगिनमधून, अर्ध्या मिनिटात. कसं, ते इथे लिहीत नाही. "सबको पता है. तुमची वाट कोण बघणार? कितीतरी महिने करतोय."

आणि मी मूर्ख इतके महिने मशीन बंद पडलं की वायरी बदलत होतो, लाइटला शिव्या देत होतो!

मशीनच्या कंपनीला फोन केला. "साधा युजर असं कशाला करेल?" म्हणाले.

मी मंदाताईंना विचारलं, "तुम्हाला कोणी शिकवलं?"

"बाजूच्या हॉस्पिटलातल्या सिस्टरनं. त्यांच्या आयसीयूत हेच मशीन आहे ना."

त्या मशीनला पेशंटचे मॉनिटर जोडलेत.

आता सांगा, उद्या तिथे 'असं करू नका' अशी नोटीस लावू का? ज्यांना अजून माहीत नाही, त्यांनाही कळेल.