पैकीच्या पैकी

धांडे सर तपासलेला पेपर मुलाच्या हातात देण्याआधी एकदा खिडकीच्या उजेडात धरून बघत. बाजारात पाचशेची नोट बघावी तसा. उत्तर बरोबर, रीत बरोबर, अक्षर मोत्यासारखं, तरी सरांच्या लाल पेनाचं टोपण निघायचंच. एकक लिहायचं राहिलं, अर्धा गुण गेला. उत्तराखालची रेघ पट्टीने मारली नाही, अर्धा गेला. आणि काहीच सापडलं नाही, तर सर आणखी गंभीर होत. "लई गुळगुळीत सोडवलंस. कुठं अडखळली बी न्हाईस. अर्धा!"

हे असं प्रत्येक प्रश्नात व्हायचं, त्यामुळे गणित पूर्ण बरोबर सोडवणाऱ्यालाही शेवटी दोन-तीन गुणांचा खड्डा पडलेला असे. कुणी कुरकुर केली की सरांचं ठरलेलं उत्तर यायचं. "पैकीच्या पैकी फकस्त देवाला. मानसानं अर्धा कमीच घ्यावा, म्हंजे उद्या उठून करायला काय तरी ऱ्हातं." फळ्याकडे तोंड असलं की सर पुस्तकी मराठी बोलत. आमच्याकडे वळले की कर्जतचे होत.

आमची शाळा नगर जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, एका गावात होती, आणि नववीच्या दोन तुकड्या होत्या. 'अ' तुकडीला गणित शिकवायला धांडे सर. 'ब' तुकडीला काळे बाई. बाई स्वभावाने फार गोड. गुरुवारी शिर्डीत प्रसाद वाटावा तसे त्या गुण वाटत. उत्तर चुकलं तरी "प्रयत्न केलास हो बाळा" म्हणून दोन गुण. त्यामुळे मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेरच्या सन्मानफलकावर दर वर्षी नववीत पहिल्या आलेल्याचं जे नाव पांढऱ्या रंगाने लिहिलं जाई, ते बाई आल्यापासून 'ब' तुकडीतलंच असे. 'अ' तुकडीने तो फलक फक्त पुसायचा.

मला स्वतःला या भानगडीशी काही देणंघेणं नव्हतं. गणितात मी काठावर पास होणारी. काठावरच्याला अर्ध्या गुणाचं सुतक नसतं. पण मी शाळेच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री होते, आणि हे मंत्रिमंडळ धांडे सरांचंच अपत्य होतं. चिठ्ठ्या टाकून निवडणूक, शपथविधी, दर शनिवारी प्रयोगशाळेत बैठक. ठरावाला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, कारण पाहिजे. "मंत्री म्हंजे हार घालून घेनारा न्हवं," सर बजावत, "मंत्री म्हंजे नळाला तोटी बसवनारा." तोपर्यंत आम्ही खरोखर तेवढंच केलं होतं. तोटी बसवली होती, आणि मुलींना खेळाच्या तासाला चेंडू मिळावा असा एक ठराव केला होता.

माझ्या शेजारी बाकावर रुक्साना शेख बसायची. सगळ्या विषयांत पहिली. गणितात तर सरांपेक्षा आधी उत्तर सांगायची. तिची आई, आम्ही तिला अम्मीच म्हणायचो, शाळेतच पोषण आहाराची खिचडी शिजवायची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिची चूल. आमच्या शाळेत एक मेला झेंडावंदन झालं की निकाल वाचत, आणि नववीत पहिल्या आलेल्याच्या आईबापाला नाहीतर घरातल्या वडीलधाऱ्याला व्यासपीठावर सरपंचांच्या शेजारच्या खुर्चीत बसवत. शाल, नारळ, फोटो. गावातले लोक त्या खुर्चीबद्दल वर्षभर बोलत. रुक्सानाने एकदा डबा खाताना मला सांगितलं, "मला त्या फलकाचं काही नाही गं. अम्मीला एकदा त्या खुर्चीत बसवायचंय. ती इतकी वर्षं शाळेत येते, पण कायम मागच्या दाराने." सहामाहीत ती 'ब' तुकडीच्या संकेतपेक्षा दोन गुणांनी मागे होती. दोन्ही गुण धांडे सरांच्या लाल पेनात अडकलेले.

माझं डोकं तापलं. मी ठराव लिहिला. 'धांडे सर अर्धा गुण कापतात तो त्यांनी कापू नये.' सूचक मी, अनुमोदक क्रीडामंत्री. बैठकीत मांडायचा ठराव आधी सल्लागार शिक्षकांना दाखवायचा असा नियम होता. सल्लागार शिक्षक म्हणजे धांडे सर. कागद घेऊन त्यांच्याकडेच गेले.

सरांनी कागद खिडकीच्या उजेडात धरला. वाचला. पुन्हा वाचला. मग लाल पेनाचं टोपण काढलं.

"कसला पोरखेळ ठराव हाय ह्यो!" सर म्हणाले. "मानसाच्या इरोधात ठराव करायचा नसतो, रीतीच्या इरोधात करायचा. मी उद्या मेलो तर तुझा ठराव कुनाला लागू हुईल? आन् समज, माझ्याऐवजी बाईंनी तुमचे पेपर तपासले. मग 'ब'ची पोरं रडतील. ते चालंल व्हय तुला?"

"मग काय करू सर?"

"ते मी का सांगू? माझ्याच इरोधात हाय न्हवं? डोकं चालव."

दोन दिवस डोकं चालवलं. म्हणजे खरं तर रुक्सानाने चालवलं आणि मी लिहिलं. दोन्ही तुकड्यांचे पेपर एकत्र करावेत. अर्धे प्रश्न सरांनी तपासावेत, अर्धे बाईंनी. कापले तर सगळ्यांचे कापले जातील, वाटले तर सगळ्यांना वाटले जातील. सरांनी तो कागद बराच वेळ बघितला. खाली सही केली, आणि शेजारी लिहिलं, 'दहापैकी साडेनऊ'. अर्धा का कापला ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शनिवारी प्रयोगशाळेत बैठक भरली. मंत्री निम्मे 'अ'चे, निम्मे 'ब'चे. मी दणदणीत भाषण केलं. मग संकेत उठला. तो आरोग्यमंत्री होता, आणि गुणी मुलगा होता, उगाच खोटं कशाला सांगू. तो म्हणाला, "आमच्या आजोबांनी त्या खुर्चीसाठी नवी टोपी आनलीय. आता मधीच नियम बदलायचा म्हंजे अन्याय हाय." मी मतदान पुकारलं. हात वर झाले. 'अ'चे सगळे बाजूने, 'ब'चे सगळे विरुद्ध. समसमान! आणि समसमान मतं पडली तर सल्लागाराचं मत निर्णायक, हा नियम सरांनीच फळ्यावर लिहून आमच्याकडून पाठ करून घेतला होता.

सगळे सरांकडे बघायला लागले. रुक्साना मंत्री नव्हती, ती दाराबाहेर उभी होती. दाराच्या फटीतून तिच्या वेणीची लाल रिबीन तेवढी दिसत होती. सर उठले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"संकेत, तुझ्या आजोबांची टोपी मी बघितलीय. झ्याक हाय. पन टोपी आनली म्हनून गनित बदलत न्हाई," सर म्हणाले. "एकाच शाळंत दोन तराजू असू न्हाईत. ठराव बरोबर हाय." आणि त्यांनी हात वर केला. "मंजूर. पन मुख्यमंत्री, इतिवृत्तात लिही, धांडे सरांना ठराव पटलेला न्हाई."

"मग हात का वर केला सर?" मी न राहवून विचारलं.

"पटनं येगळं, बरोबर असनं येगळं. गनितात न पटलेलं बी कैकदा बरोबर असतं. तवा गुमान बरोबरची टिक मारायची."

मी पुढे वकील झाले. नगरच्या कोर्टात रोज भांडते, सावेडीत राहते. कायद्याची जाड जाड पुस्तकं वाचली, पण त्या एका वाक्यापलीकडे फारसं काही हाती लागलेलं नाही.

वार्षिक परीक्षेचे पेपर नव्या रीतीने तपासले गेले. एक मेला झेंडावंदन झालं, निकाल वाचला, आणि नववीत पहिली म्हणून रुक्सानाचं नाव आलं. टाळ्या पडल्या. "पालकांनी व्यासपीठावर यावे." कुणी येईना. सरपंचांच्या शेजारची खुर्ची रिकामी. त्या दिवशी सगळ्या शाळेला मसालेभात असे, आणि अम्मी मागे शेडमध्ये मोठ्या पातेल्याशी उभी होती. रुक्साना पळत गेली, तिच्यामागे मी. अम्मी हलायला तयार नाही. "भात लागंल ना खाली! एवढी पोरं उपाशी ठिवू का? तू जा, घे नारळ."

तेवढ्यात धांडे सर आले. त्यांनी बाह्या सारल्या आणि अम्मीच्या हातातलं उलथनं काढून घेतलं. "तुमी जावा. भात मी बघतो. आयुष्यभर पोरांची डोकी हालवली, हे काय अवघड हाय?"

अम्मी पदराला हात पुसत व्यासपीठावर गेली. खुर्चीच्या अगदी कडेला बसली, उठायला सोपं पडावं अशी. सरपंचांनी शाल घातली तेव्हा तिने तोंड पदरात लपवलं, आणि फोटोत नेमकं तेच आलं आहे. इकडे शेडमध्ये वाफेने सरांचा चष्मा आंधळा झाला होता. संकेत बादलीने पाणी आणत होता, सर कधी ओतत होते, कधी नको म्हणत होते. भात खाली चांगला दोन बोटं करपला. आम्ही तो मिटक्या मारत खाल्ला. सर अम्मीसमोर पान घेऊन उभे राहिले. "कसा झालाय?"

अम्मीने घास खाल्ला, विचार केला. "मीठ अर्दा चमचा कमी पडलं, सर."

सर इतके हसले की काळे बाई पाणी घेऊन धावल्या. पुढच्या वर्षापासून तो भात सगळ्यांच्या तोंडी 'साडेनऊवाला भात' झाला.

गेल्या उन्हाळ्यात सर आजारी असल्याचं कळलं. रुक्साना आता नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवते. आम्ही दोघी एसटीने गेलो. अम्मीने डबा दिला होता. मसालेभात, पण बिनमिठाचा, कारण डॉक्टरांनी सरांचं मीठ साफ बंद केलं होतं. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते, हात काडीसारखे झालेले. मला बघून म्हणाले, "या मुख्यमंत्री. तोटी गळतीय आमची." तोटी म्हणजे कुठली ते सांगितलं नाही. मला हसू आलं आणि रडूही आलं.

रुक्सानाने ताटलीत भात वाढला. सरांनी सवयीने ताटली खिडकीकडे धरली. मग एक घास घेतला, हळूहळू चावला. आम्ही दोघी पुन्हा नववीतल्या झालो.

"जिभंला पटला न्हाई," सर म्हणाले. "पन बरोबर हाय." आणखी एक घास घेतला. "आईला सांग, पैकीच्या पैकी."

ती शेवटची भेट. पोळ्याच्या आधी सर गेले.

त्या भेटीहून परत येताना एसटी स्टँडवर रुक्साना रिकामा डबा मांडीवर घेऊन बसली होती. गाडी लागली, लोक चढायला लागले, तरी उठेना. मी हाताला धरून उठवलं, तेव्हा डोळे पुसत म्हणाली, "बघ ना गं, जन्मभर गणितं मी बरोबर सोडवली, आणि पैकीच्या पैकी घेऊन गेली अम्मी."