कपिलधारला गेलतो

चौसाळ्याच्या स्टँडसमोर वैजिनाथचं कटलरीचं दुकान आहे. बांगड्या, टिकल्या, चाप, खोटे केस. बायका त्याच्यासमोर सासवांच्या तक्रारी करतात, पोटाची दुखणी सांगतात, गल्ल्यामागे पुरुष बसला आहे हे जणू कुणाच्या ध्यानातच नसतं. आधी त्याला वाटायचं, हा विश्वास आहे. मग वाटेनासं झालं.

उजवा पाय लहानपणी पोलिओने गेला. कॅलिपर बांधून तो चालतो तेव्हा लोखंडाचा बारीक आवाज होतो. पायाबद्दल गाव मोकळेपणाने बोलतं. शेजारचा चहावाला त्रिंबक तर रोज सकाळी ओरडायचा, "आलं बे आमचं तीनचाकी!"

वैजिनाथ स्कूटीच्या बाजूला बसवलेल्या जादा चाकांकडे बोट करायचा. "दोन ही, दोन मूळची. मोजायला शीक आधी."

पायाचं असं चारचौघांत होतं. दुसरं दुखणं मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

नेकनूरची एक मुलगी त्याला सांगून आली होती. सुपारी फुटली. मग त्या लोकांनी मुलीचं दुसरीकडे जमवलं आणि निरोप एका भांडीवाल्याच्या हाती धाडला. त्यानंतर वैजिनाथ दुकानात बसायचा, पण गिऱ्हाईक काय मागतंय ते त्याच्यापर्यंत पोचायचं नाही. ताट समोर निवून जायचं. वडील विश्वेश्वरअप्पा म्हणाले, "आळस हाय." आई शांतादेवी मीठ-मोहऱ्या उतरवत राहिली.  एका दुपारी धाकट्या बहिणीने, शिवानीने दुकानाचं शटर खालून वर ढकललं, तर आत अंधारात तो भिंतीकडे तोंड करून बसलेला.

"उठ दादा. बीडला जाऊ."

डॉक्टर मनाच्या आजारांचे होते. त्यांनी गोळ्या दिल्या, पुन्हा यायला सांगितलं. परतताना मांजरसुंब्याजवळ कपिलधारच्या देवळाकडे, धबधब्याकडे जाणारा फाटा दिसला तेव्हा स्कूटीवर मागे बसलेल्या शिवानीने त्याचा खांदा दाबला.

"घरी म्हणू, कपिलधारला गेलतो. देवाला गेलतो म्हणलं की कुणी कावून विचारत न्हाई."

वाटेतल्या एका टपरीवर तिने चिरमुरे आणि बत्तासे घेतले. आईने ते कपाळाला लावून खाल्ले.

तेव्हापासून तो शब्द दोघांचा झाला. गोळ्या संपत आल्या की ती म्हणायची, "दादा, कपिलधार जवळ आलं." त्याचा चेहरा पडलेला दिसला की विचारायची, "आज धबधबा लई मोठा हाय का?" एवढ्यावर तो हसायचा. गोळ्या त्याने टिकल्यांच्या एका रिकाम्या डबीत ठेवल्या होत्या. ती डबी कुठे असते हे तिला माहीत होतं. त्याच्याबद्दल एवढं माहीत असलेलं जगात दुसरं कुणी नव्हतं, आणि तेवढ्यावर त्याचं चाललं होतं.

यंदाच्या उन्हाळ्यात एके सकाळी शिवानीने डबा त्याच्या हातात दिला. "दुपारी जेवायला घरी येऊ नको दादा. ऊन लई हाय, चक्कर यील."

इतकी काळजी कोण करतं, असं मनाशी म्हणत तो दुकानात आला. दुपारी डबा उघडला. भाकरी, भाजी, आणि वरच्या पुडात शिरा. बेदाणे घातलेला, तुपाने चमकणारा. सण नव्हता, वार नव्हता. तो दोन घास खातो न खातो तोच दारात जीप थांबली. एक वयस्क गृहस्थ उतरले, मागून एक बाई. गृहस्थांनी त्याच्या कपाळावरची विभूती पाहिली आणि लिंगायत रीतीने हात जोडले.

"शरणार्थ."

"शरणार्थ," वैजिनाथ बसूनच म्हणाला.

"आपलेच हायत म्हणून विचारतो. विश्वेश्वरअप्पांचं घर कुठंशी आलं?"

"मठाच्या मागं. निळं गेट."

"त्यांची मुलगी बघायला आलोत. आतापोतर फोनवरच बोलणं झालं. जायच्या आधी इच्यारावं म्हणलं. घर कसं हाय? खरं सांगा बरं का."

मुलीकडे जाण्याआधी एखाद्या दुकानात अशी चौकशी करायची रीतच आहे. वैजिनाथने स्वतः कित्येकांच्या घरांबद्दल अशी उत्तरं दिली होती.

"घर चांगलं हाय," तो म्हणाला.

"मुलगी?"

"लई गुणाची."

"आन् भाऊ? पुण्याला कंपनीत हाय म्हणतेत. आज सुट्टी भेटली न्हाई म्हणं त्याला."

डब्यातला चमचा त्याच्या हातात होता. तो त्याने हळूच खाली ठेवला.

"हो. पुण्याला असतो."

"काही व्यसन?"

"न्हाई. गप असतो."

बाई बांगड्यांवरून बोट फिरवत होत्या. त्यांनी मान वर केली. "तुमी कोणाचे?"

गावात हा प्रश्न रोजचा. शेंबडं पोरही बापाचं नाव सांगून मोकळं होतं. वैजिनाथच्या ओठांवर नाव आलं आणि तिथेच थांबलं.

"भाड्यानं हाय मी इथं," तो म्हणाला.

बाईंनी हिरव्या बांगड्या मागितल्या, वरच्या फळीवरच्या. उठलं तर लोखंड वाजणार होतं. "त्या विकलेल्या हायत," असं सांगून तो बसून राहिला. जीप मठाच्या दिशेने गेली. शिऱ्यावर माश्या बसल्या होत्या.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ओसरीवर पानसुपारी पडलेली होती. जमलं होतं. अप्पा आत निघून गेले.

"पायाची लाज वाटली व्हय?" त्याने आईला विचारलं. "इतकी वर्षं न्हाई वाटली ती?"

"पायाचं कोण म्हणतंय?" आई चिडूनच बोलली. "पाय तर समद्या गावाला दिसतोय. पायाचं सांगितलं असतं आमी. तुजं ते कपिलधार हाय ना, ते कसं सांगावं? रगतातच हाय म्हणतील. पोरीला कोण करून घील?"

कपिलधार. आईच्या तोंडात तो शब्द किती सहज बसला होता. तिने तो आज पहिल्यांदा उच्चारला नव्हता.

शिवानी चौकटीला टेकून उभी होती. नवी साडी अजून अंगावर होती.

"तू सांगितलंस?"

"पाव्हण्यांनी फोनवरच इच्यारलं, घरात कुणाला काय हाय का. मला भ्याव वाटलं दादा. तू घरी असतास तर गोळ्यांचं निघालं असतं."

"कुणी काढलं असतं? तिथं तूच होतीस की."

ती पदराचा काठ मुरगाळत राहिली.

"आन् पुण्याचं कुणाचं डोकं?"

 शिवानी हळूच म्हणाली, "लगीन एवढं होऊ दे. मग मी सांगते समद्यांना."

"काय सांगशील? पुण्याहून लंगडत आला म्हणून?"

रात्री तो जेवला. आईने वाढलेलं सगळं खाल्लं, त्यामुळे घराला वाटलं, निवलं.

पुढच्या आठवड्यात गोळ्या संपल्या. सकाळी स्कूटी काढली तर शिवानी पिशवी घेऊन उभी. तीच जुनी पिशवी. ती मागे बसली, खांद्याला धरलं. त्याने नको म्हटलं नाही. तिचा हात खांद्यावर होता आणि त्याला तो आवडत होता, याचा त्याला राग येत होता.

स्टँडपाशी त्रिंबकने किटली उंचावली. "आज दुकान बंद? बहीण-भाऊ कुनीकडं?"

"कपिल..." शिवानीने सुरुवात केली.

"बीडला," वैजिनाथ मोठ्याने म्हणाला. "डोक्याच्या डॉक्टरकडं. गोळ्या संपल्यात माझ्या."

त्रिंबक हसला. मग त्याने वैजिनाथचा चेहरा पाहिला आणि किटली खाली घेतली. बाकावर चहा पिणारी माणसं वळून बघू लागली. त्यात शिवानीच्या होणाऱ्या सासरकडचं कुणी नव्हतं; पण त्या गावाला जाणारी एसटी समोरच उभी होती, भरलेली.

खांद्यावरची बोटं आधी आवळली, मग सैल झाली. शिवानीने ओढणी कपाळावर ओढून घेतली आणि ती उतरली.

"ऊन लई हाय दादा," ती म्हणाली. "तू जा."