बिनआवाजाचा कॅमेरा

माझ्या मामाला बाइंडिंगच्या कारखान्यात सगळे ‘रेडिओ’ म्हणायचे. जन्मापासून ठार बहिरा, तोंडातून शब्द फुटत नाही आणि नाव काय, तर रेडिओ! कारण एकदा हात सुटले की बंदच व्हायचे नाहीत. पुस्तकांच्या पाठींना सरस लावता लावता तो हातांनी गप्पा मारायचा आणि सरसाचे थेंब शेजारच्याच्या शर्टावर उडायचे. “रेडिओ, आवाज कमी कर!” मुकादम ओरडायचा. मामाला ते ऐकू यायचं नाही, पण ओरडताना मुकादमाच्या मिशा कशा थरथरल्या, हे तो जेवणाच्या सुट्टीत हुबेहूब करून दाखवायचा. नकलांचं माझं खूळ त्याच्याकडूनच आलं, असं म्हणून आई कपाळाला हात लावते.

मामीलाही ऐकू येत नाही. ती घरी बसून शर्टांना काज-बटणं करते. दोघं आमच्या वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. मामीला हाक मारायची झाली की मामा जमिनीवर पाय आपटतो, तिला हादरा कळतो, आणि खाली आमच्या ताटात छताचा पोपडा पडतो. त्यांची भाषा मी बोलायला शिकायच्या आधीच शिकले.

त्यांचा मुलगा, म्हणजे दादा, दुसऱ्या शहरात नोकरीला. दहाव्या वर्षी वसतिगृहात गेला, त्यामुळे त्याचे हात दहा वर्षांच्या पोराचेच राहिले. जेव, झोप, शाळा, पाहिजे, नको. त्यापुढे गाडी जात नाही.

गेल्या वर्षी मामीच्या हातून दूध उतू जाऊन गॅस विझला. वास खालपर्यंत आला म्हणून मी धावले, नाहीतर काय झालं असतं कोण जाणे. दादाने ऐकलं आणि पुढच्याच रविवारी कॅमेरेवाल्याला घेऊन हजर. एक कॅमेरा स्वयंपाकघरात, एक बाहेरच्या खोलीत.

“काका, एकदम क्लिअर! मुंगी शिंकली तरी दिसणार!” कॅमेरेवाला मामाला सांगत होता. मामाने मला हातांनी विचारलं, हा बोलतोय की रवंथ करतोय? मामीला मात्र वेगळीच काळजी. आम्ही घरात जे बोलतो ते यात जाणार का? मी दादाला विचारलं.

“छे गं! आवाज बंद ठेवलाय मुद्दाम. त्यांचं खासगी त्यांच्यापाशी. नुसतं चित्र दिसणार.”

मी ते मामीला सांगितलं. तिने मान डोलावली. त्या घरात आवाज कधी नव्हताच, होतं ते सगळं बोलणं चित्रातच होतं. पण हे आम्हा चौघांपैकी एकाच्याही टाळक्यात शिरलं नाही.

दोन महिन्यांनी दादाने मला पहिली क्लिप पाठवली. “ए नकलाकार, आई एवढी का हसतेय? मला अर्धंच कळतंय.”

क्लिपमध्ये मामी मामाला म्हणत होती, तू घोरतोस. तुला काय ऐकू येतं, मामा म्हणाला. ऐकू कशाला यायला हवं, पलंग चालायला लागतो ना! हे बघून मला कुठला दम निघतोय? मामाला जाडा, नाकातला आवाज दिला, मामीला बारीक आणि ठसक्याचा, आणि रेकॉर्ड करून दादाला पाठवून दिलं. त्याचा लगेच फोन. आधी हसला, मग थांबला.

“आईबाबांना बोलताना मी आज पहिल्यांदा ऐकलं गं,” तो म्हणाला. “अजून पाठव.”

मग रोजचं दुकान सुरू झालं. मामा शेजाऱ्याच्या चालीची टर उडवतोय, मामी त्याच्या बनियनची भोकं मोजतेय, सगळं मी वठवत गेले. दादा त्याच्या मित्रांना ऐकवायचा. तेही वा वा करायचे. मी हरभऱ्याच्या झाडावर.

एका बुधवारी शाळेतून आले ती दप्तर पाठीवर असतानाच क्लिप लावली. स्वयंपाकघरात मामी डबे पुसत होती आणि मामा तिच्यासमोर बसला होता. मी जाड्या आवाजात सुरू झाले, “ती पोटातली गाठ वाईटच निघाली. डॉक्टरने कागदावर लिहून दिलं.” मग बारीक आवाजात, ठसक्यासकट, “कापून काढतील ना?” पुन्हा जाडा, “कापली तरी दिवस थोडे, नाही कापली तरी थोडे. मला ते घरात काढायचेत. तुझ्यासमोर बसून. पोराला सांगू नकोस. त्याला कळलं की तो मला टेबलावर झोपवल्याशिवाय राहायचा नाही.”

आणि मी ते पाठवलं. नकलेत सूर आधी पकडला जातो, अर्थ मागून येतो. माझ्याकडे तो आला तेव्हा पुसून टाकायला उशीर झाला होता. दादाने ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दारात. मी मागोमाग वर गेले. दहा वर्षांच्या हातांनी तो मामाला म्हणाला, बाबा. पोट. गाठ. मला नाही सांगितलं. आणि रडायला लागला.

मामाने आधी मामीकडे पाहिलं. तिने जोरजोरात मान हलवली, मी नाही. मग त्याने कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग दादाच्या हातांकडे. या हातांना एवढं सगळं कळणं शक्य नव्हतं. शेवटी त्याने उंबऱ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

ते बाहेर आलेच नाहीत. जेवायला, दाढी करायला यायचे तेवढेच. मामीने कॅमेरा काढ म्हणून दादाच्या हातापाया पडून सांगितलं. “आता कसा काढू?” दादा मला म्हणाला. “आता तर बाबा आजारी आहेत!” मामीने त्यावर फडकं टाकलं, दादाने काढलं. मग ती मामाला न्हाणीघरात घेऊन जायला लागली. दिवा लावून, नळाला चिकटून दोघं उभी राहायची आणि हात हलवले की कोपरं भिंतीवर आपटायची. मामा दोनदा गेला. तिसऱ्यांदा तिने ओढलं तेव्हा त्याने हात सोडवून घेतला. नवरा-बायकोने बादलीत पाय घालून बोलायचं?

दादाने मोठ्या डॉक्टरांची वेळ घेतली. मलाही नेलं, बोलणं सांगायला. डॉक्टर घाईत बोलायचे, अर्धी वाक्यं गिळून. “हं, तर, करून टाकू, काय? पेशंटचं काही म्हणणं?”

सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मी हातांनी विचारलं, मामा, काय सांगू? तो माझ्या हातांकडे बघत राहिला. खिशातली मूठ कापडातून दिसत होती.

“काही नाही म्हणतायत,” दादा म्हणाला.

“डॉक्टर, त्याला नकोय,” मी म्हणाले.

“असं त्यांनी आत्ता सांगितलं का?” डॉक्टरांनी विचारलं.

आत्ता सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते मामीला, डबे पुसताना.

“ती लहान आहे, घाबरलीय,” दादा म्हणाला आणि कागद पुढे सरकवला. मामीने मामाचा दंड धरून त्याला हलवलं, बोल, बोल म्हणून. त्याने उजवा हात खिशातून काढला, सही केली आणि परत आत घातला. का केली, ते तिलाही सांगितलं नाही.

गाठ काढली. चौथ्या दिवशी ताप चढला, आत कुठेतरी पू झाला होता. आता घरी नेण्याचं बोलणं कोणी काढत नव्हतं. दादा पॅसेजमध्ये भिंतीला डोकं टेकून बसलेला असायचा.

मी आत गेले तेव्हा मामी मामाच्या पायापाशी होती. उजव्या हाताला सलाईन, फळीला पट्ट्यांनी बांधलेला. डावा मोकळा, चादरीवर. मी त्याला दिसेन अशी उभी राहिले आणि म्हणाले, मामा, चुकलं माझं. मी सांगायला नको होतं.

माझे हात थांबेपर्यंत त्याने सगळं पाहिलं. मग डोळे मिटले. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की त्याच्यापर्यंत पोचायला वाट नसते.

“झोपलेत हो ते,” नर्स म्हणाली. “उद्या बोल.”

मामा झोपला नव्हता. पापण्या घट्ट दाबलेल्या होत्या. भेटीची वेळ संपेपर्यंत मी हात वर धरून तशीच उभी राहिले, त्याने उघडलेच तर पहिलं तेच दिसावं म्हणून. त्याने उघडले नाहीत.