रानडुकरांना कळलेला जाझ

आमचे हे संगीताचे प्रोफेसर होते आणि सॅक्सोफोन वाजवायचे. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. कॉलेजात ते मुलींना हार्मोनियमवर सरगम शिकवत, कारण अभ्यासक्रमात तेवढंच होतं. सॅक्सोफोन घरी, दार लावून. बऱ्हाणपुरात सॅक्सोफोन म्हणजे वरातीत घोड्यापुढे वाजतो तो बाजा. स्थळ आलं तेव्हा माझ्या वडिलांनी विचारलंच होतं, की मुलगा वरातीत घोड्यावर बसणार आहे की घोड्यापुढे चालणार आहे. नेपानगरच्या कागद कारखान्यातल्या माणसाचा मुलगा, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवून परत आलेला, ही काही त्यांना सांगण्यासारखी ओळख वाटेना. मग प्रोफेसरकीची ऑर्डर आली आणि मी माहेरच्या, फोपनारच्या केळीबागांतून उठून बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आले.

जाझ म्हणजे काय, ते त्यांनी मला लग्नानंतर लगेच समजावलं. एक धून घ्यायची आणि ती सोडून निघायचं, रोज नव्या वाटेने जाऊन परत यायचं, काल वाजवलं ते आज वाजवायचं नाही. रोज नवीनच वाजवायचं तर मग रियाज कसला करता, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी रीड तोंडात धरली. रीड म्हणजे बाजाच्या तोंडाशी बसवायची बोरूची पातळ पट्टी. वाजवण्याआधी ती जिभेवर भिजवावी लागते, आणि ती तोंडात असेपर्यंत माणसाला बोलता येत नाही. आमच्या संसारातले निम्मे वाद ह्या पट्टीने मिटवले.

टाळ्यांची हौस त्यांना नव्हती. एकच हवं होतं. ह्या गावात कुणीतरी एकदा म्हणावं, की सर, आजचं कालच्यापेक्षा वेगळं होतं. तेवढ्यासाठी माणूस झुरत होता, आणि गाव म्हणत होतं, सर रोज तेच तेच काय वाजवता? वैतागले की मीही म्हणायचे. निरोप समारंभात तर प्राचार्यांनी कहरच केला. सरांनी इतकी वर्षं एकच धून निष्ठेने जपली, असं भाषणात म्हणाले आणि शाल घातली. हे घरी येऊन भर उन्हाळ्यात ती शाल पांघरून बसले. जेवले नाहीत. माझ्या तोंडातून निघालं ते एवढंच, की शाल तरी बरी दिलीय.

रिटायर झाल्यावर वाजवणं दिवसभर सुरू झालं आणि शेजारच्या घरात बारावीची परीक्षा निघाली. शेजारणीने आधी गोड बोलून पाहिलं, मग आमच्या दाराशी येऊन मोठ्याने बोलून पाहिलं. शेवटी मी फोपनारला माझ्या धाकट्या भावाला फोन केला, की तुझ्या दाजींना संध्याकाळी बागेत वाजवू दे. तो म्हणाला, येऊ दे की, केळीला कुठे कान आहेत. मग आम्ही रोज स्कूटरवरून निघायचो. सॅक्सोफोनची पेटी धरायला कुणीतरी हवं म्हणून मी मागे. हे पंपाच्या खोलीसमोर उभे राहून वाजवायचे आणि मी खाटेवर बसून भाजी निवडायचे.

त्या साली तापीकाठच्या घळीतून रानडुकरं वर यायची आणि केळीचे कंद उकरून टाकायची. ह्यांचं वाजवणं सुरू झाल्यावर ती यायची थांबली. खरंखोटं डुकरांनाच ठाऊक, पण भावाने छातीठोकपणे सांगून टाकलं की दाजींच्या बाजाने डुकरं पळतात. ह्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ज्या बाजावर मुंबईत लोक नाचायचे, त्यावर फोपनारची डुकरं पळतात, हे काही बायोडेटात लिहिता येत नाही. भाऊ तर पुढचा शहाणा. दाजींना रोजचा त्रास कशाला, म्हणून त्याने मोबाइलमध्ये एक संध्याकाळ रेकॉर्ड केली आणि बागेत स्पीकर टांगून तीच लावायला लागला. हे घरी बसले.

आठवडाभर ठीक चाललं. मग एका सकाळी भाऊ तोंड पाडून आमच्याकडे आला. डुकरं परत आली होती. मला म्हणाला, "ताई, डुकरांना आदत पडली गं. मोबाइलमधलं रोज सेम वाजतं ना. दाजी रोज अलग वाजवतात, म्हणून ती बिचकतात."

ह्यांच्या हातात चहा होता. त्यांनी कप खाली ठेवला आणि भावाला ते पुन्हा म्हणायला लावलं. तो म्हणाला. मग मला ऐकू आलं नसेल म्हणून आणखी एकदा. उभी हयात ह्या गावात फुंकत आलो, ते पहिल्यांदा कळलं ते रानडुकरांना, असं म्हणून ते इतके हसले की ठसका लागला. त्या दिवशी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. संध्याकाळी स्वतःच पेटी काढून स्कूटरपाशी उभे.

बातमी पसरली. आजूबाजूचे बागवाले बांधावर येऊन बसायला लागले. डोईफोडियाहून, पार जंगलाच्या कडेचा एक जण आला, सर आमच्याकडे पण एक फेरी मारा म्हणाला. एका सोमवारी ह्यांनी काहीतरी वाजवलं, त्याला लग्नाच्या बाजाची लचक होती. बांधावरच्या माना डोलल्या. दुसऱ्या दिवशी फर्माईश आली, सर, ते कालचं होऊन जाऊ द्या. आणि ह्यांनी ते वाजवलं. तिसऱ्या दिवशी तर कुणी म्हणायच्या आत. शेवटी टाळ्या, आणि आमचे हे छातीवर हात ठेवून वाकतात. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि प्रोफेसर चढले. मी खाली बसून शेंगा निवडत बघत होते.

शुक्रवारी भावाचा फोन, की एक अख्खी ओळ उकरलीय. संध्याकाळी बांधावर सभाच भरली. कुणी म्हणे कुंपण तुटलं, कुणी म्हणे हा नवा कळप आहे, कुणी म्हणे सरांना माईक द्या. हे रीड तोंडात धरून, डोळे मिटून, मोठ्या कलावंतासारखे उभे. मला राहवेना.

"डुकरांचा काय दोष?" मी म्हटलं. "सोमवारपासून तुम्ही तेच वाजवताय. तसंच चढता, तसंच उतरता, शेवटी तोच लांब सूर. लग्न झाल्यापासून असं कधी केलं नव्हतंत."

ह्यांनी रीड तोंडातून काढली.

"तुला कळतं?"

"एका खोलीत राहतो आपण. न कळून जाईल कुठे?"

"मग कधी बोलली नाहीस ती?"

"बोलले की तुमच्या तोंडात पट्टी."

त्यांचे डोळे भरून आले, सगळ्यांदेखत. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, म्हणून मी शेंगांत मान घातली. मग पावलं वाजली. ते बांधाकडे पाठ करून माझ्या खाटेसमोर येऊन उभे राहिले आणि वाजवायला लागले. कालचं नव्हतं ते. बांधावरचे जरा वेळ थांबले, मग चपला झटकत एकेक करून निघून गेले. जाताना कुणीतरी म्हणालं, आज सरांचा मूड नाही. भाऊसुद्धा मोटर बंद करायच्या निमित्ताने उठला.

एका वळणावर त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. पोर परीक्षेचा निकाल बघतं तसं.

मी म्हटलं, "हं. हे नवीन."