बांगडी चढेना, तेव्हा मी खोटं बोलले

मैत्रिणींनो, आज औंढ्यात मी जे केलं, त्याची फार लाज वाटून राहिली.

पुतणीच्या लग्नासाठी आम्ही बाया बांगड्या भरायला गेलो होतो. माझ्या उजव्या हातात बांगडी चढेना. गेल्या वर्षी कॅन्सरमुळे माझा उजवा स्तन आणि काखेतल्या ग्रंथी काढल्या, तेव्हापासून हा हात सुजतो. भावकीत मात्र आम्ही गर्भपिशवीचं ऑपरेशन सांगितलंय.

"ताई, हात काहून सुजला?" कासारीणबाईंनी विचारलं.

"गांधीलमाशी चावली," मी म्हणाले.

शेजारी पुसेगावची एक अनोळखी बाई बसली होती. पदराखालचा सुजलेला हात दाखवत ती हळूच म्हणाली, "तुमचं बी छातीचं ऑपरेशन झालंय का? माझी तर नुसती गाठ काढली, तरी हात जड होऊन राहिला. काय करावं?"

मला उत्तर माहीत होतं. तरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला कशाला होईल तसलं?"

तिनं हात झाकला आणि बांगड्या न भरताच निघून गेली. मी जागची उठलेसुद्धा नाही.

स्तन काढला काय नि नुसती गाठ काढली काय, काखेतल्या ग्रंथी काढल्यावर हात सुजू शकतो. डॉक्टरांना दाखवा. मला त्यांनी शिकवलेल्या व्यायामानं आणि हाताला बांधायला दिलेल्या पट्टीनं उतार पडला. हात लाल झाला किंवा ताप आला, तर लगेच जा.

भावकीतल्या बायाही हे वाचतील. वाचू द्या.

पुसेगावकडं कुणी तिला ओळखतं का? तिला सांगा, माझंही ऑपरेशन झालंय.